मज्जारज्जूला इजा झाल्यानंतर काय कामी आलं, काय आडवं आलं?

काजवा
पाच महिन्यांपूर्वी उंचावरून पडलो. डी-१० चा (पाठीचा दहावा) मणका मोडला, आत मज्जारज्जू चेपला. ऑपरेशन करून सळ्या आणि स्क्रू बसवले. रिपोर्टवर 'आसिया ए' अशी इजेची श्रेणी लिहिलीय. बेंबीखाली ना हालचाल, ना स्पर्श. दीड महिना हॉस्पिटल, दोन आठवडे रिहॅब आणि तेव्हापासून घरी आहे.

घरात आई, बायको, भाऊ सगळे माझ्यासाठी राबतात. मला कूसही स्वतःहून बदलू देत नाहीत. दिवसभर पलंग, संध्याकाळी तासभर व्हीलचेअर. सकाळी एक जण येऊन पायांचा व्यायाम देऊन जातो. भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "पाय हलायला लागले का?" मीसुद्धा डोळे उघडले की आधी अंगठ्याकडे बघतो.

"व्यायाम चालू ठेवा" एवढंच सगळे सांगतात. कसला, कशासाठी आणि किती दिवस, ते कुणी सांगत नाही. जे या वाटेने पुढे गेलेत त्यांना विचारतोय: खरोखर काय उपयोगी पडलं? कशामुळे अडकलात? गोड बोलू नका, खरं सांगा.

उंबरठा
काजवा, माझी डी-१२. अकरा वर्षं झाली. खरं सांगा म्हणालास म्हणून सांगतो, पहिली दोन वर्षं मी वाट बघण्यात घालवली.

बाथरूमचं दार रुंद केलं नाही, कारण चालायला लागल्यावर काय गरज? हॉस्पिटलातून आणलेली घडीची जड खुर्चीच वापरली, कारण "थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे". कामावरच्या लोकांना सांगून ठेवलं की बरा झालो की येतो. त्या दोन वर्षांत खांदे दुखायला लागले आणि बसायच्या हाडावर जखम झाली. ती भरेपर्यंत सात महिने पालथा होतो. आत्ता लिहितानाही ते सात महिने आठवून घसा दाटतो, कारण ते टाळता आले असते.

मला हात दिला तो माझ्यासारख्याच एका माणसाने. तो घरी आला, गप्पा मारता मारता खुर्चीतून जमिनीवर उतरला, आणि कुणाचीही मदत न घेता परत चढला. काही समजावलं नाही. मी बघतच राहिलो. तोवर हे शक्य असतं हेच मला माहीत नव्हतं.

दीपमाळ
मी फिजिओथेरपिस्ट आहे, या कामात सोळा वर्षं. काजवा, तुमच्या पोस्टमधल्या एका वाक्याने मी थांबले: एक जण येऊन पायांचा व्यायाम देऊन जातो.

तो व्यायाम हवाच. सांधे आखडू नयेत, घोटा खाली वळून राहू नये म्हणून हवा. पण पाय दुसऱ्याने हलवल्याने तुटलेला संदेश परत जोडला जात नाही. दिवसातला तुमचा एकमेव थेरपीचा तास जर त्यातच जात असेल तर तुमचं फार नुकसान होतंय. हे मी घरोघरी बघते. पेशंट झोपलेला, थेरपिस्ट घामाघूम, आणि घरच्यांना वाटतं छान चाललंय!

डी-१० म्हणजे तुमचे हात, खांदे, छाती पूर्ण तुमच्या ताब्यात आहेत, पोटाचे वरचे स्नायूही. तुम्ही शिकायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. स्वतः कूस बदलणं, उठून बसणं, हात न टेकता बसायचा तोल, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर ट्रान्स्फर, पँट स्वतः चढवणं, मागच्या चाकांवर तोल धरून उंबरा ओलांडणं, आणि उंबरठा म्हणाले ते, जमिनीवरून खुर्चीत चढणं. या पातळीच्या इजेत बहुतेक तरुण माणसांना हे सगळं येतं. आधी पाठीच्या सर्जनकडून वजन घ्यायची आणि वळायची मुभा मिळाली आहे ना, तेवढं विचारून घ्या.

गोफण
थोडा वेगळा सूर लावतो. मलाही "चालणं विसरा" असंच सांगितलं होतं. मान, सी-५. आज एका काठीवर चालतो. तेव्हा ऐकून गप्प बसलो असतो तर आज खुर्चीतच असतो. उमेद सोडा असं कुणाला सांगू नये, एवढंच म्हणणं आहे.

उंबरठा
गोफण, उमेद सोड असं मी म्हटलेलं नाही. दार रुंद कर म्हणालो.

दीपमाळ
गोफण, तुमच्याबद्दल वाचून मनापासून आनंद झाला. एक विचारू? तुमचं आसिया ग्रेडिंग काय होतं?

गोफण
सुरुवातीला बी. तीन आठवड्यांनी सी झालं, मग डी.

दीपमाळ
तेच वाटलं होतं. फरक इथे आहे आणि तो घरच्यांना कुणी नीट समजावत नाही. ए म्हणजे गुदद्वाराजवळ, मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या भागात, ना संवेदना ना स्नायूंवर ताबा. बी म्हणजे तिथे संवेदना शिल्लक. सी आणि डी म्हणजे हालचालही शिल्लक, सी मध्ये क्षीण आणि डी मध्ये बरीचशी कामाची. ई म्हणजे तपासणीत सगळं नॉर्मल. बी-सी वाल्यांकडे परत येण्यासारखं बरंच असतं आणि त्यांनी चालण्यावर कसून मेहनत घ्यावीच. ए मधलेही काही जण पहिल्या वर्षात बी-सी होतात, पण ते थोडे. बहुतेक सुधारणा पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत दिसते, पुढे वेग कमी होतो.

म्हणून काजवा, तपासणी पुन्हा करून घ्या. इजेनंतरचे पहिले दिवस स्पायनल शॉकचे असतात, म्हणजे इजेखालच्या मज्जारज्जूचं काम तात्पुरतं थंडावलेलं असतं, तेव्हाचं ग्रेडिंग नेहमीच पक्कं नसतं. नवीन काही आढळलं तर कार्यक्रम बदलू. नाही आढळलं तरी आज शिकायची ट्रान्स्फर तीच राहते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात.

गोफण
हे पटलं. मला वाटत होतं सगळ्यांची इजा एकसारखीच. माझ्या अनुभवावरून मी दोघा-तिघांना "फक्त जिद्द ठेव" असं सांगत आलोय. आता त्यांना फोन करायला हवा.

सुईदोरा
काजवाच्या बायकोला उद्देशून लिहितेय, ती वाचत असेल तर.

ताई, माझ्या नवऱ्याला चार वर्षांपूर्वी झालं. पहिलं वर्ष मी त्याचं सगळं केलं. दात घासून देणंसुद्धा, आणि त्याचे हात धडधाकट होते! मला वाटायचं, त्याने एवढं सोसलंय, आता एवढं तरी आपण करावं. हळूहळू तो काही मागेनासा झाला. मग बोलेनासा झाला.

आमच्या ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) बाईंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून शर्ट तो घालेल. तुम्ही त्या खोलीत थांबायचं नाही." पहिल्या दिवशी चाळीस मिनिटं लागली. ती चाळीस मिनिटं मी दुसऱ्या खोलीत भिंतीला टेकून उभी होते, आतून त्याची धडपड ऐकत. दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरले. तो बाहेर आला तेव्हा बटणं वरखाली लागली होती. मी ती नीट करायला हात पुढे केला, तर म्हणाला, "राहू दे, मी बघतो." वर्षभरात पहिल्यांदा त्याचा आवाज असा ऐकला.

आता शर्टाला सहा मिनिटं लागतात.

काजवा
सुईदोरा, हे तिने वाचलं. काही बोलली नाही, पण रात्री पाण्याचा तांब्या नेहमीसारखा तोंडाशी न धरता माझ्या हाताला लागेल असा ठेवला.

पिंपळपान
काळजीपोटी होणारं नुकसान म्हणाल तर माझंही ऐका. माझी सी-६. बोटं हलत नाहीत, मनगट मात्र वर उचलता येतं. सी-६ वाल्यांकडे एक नैसर्गिक सोय असते: मनगट वर उचललं की बोटं आपोआप मिटतात, खाली सोडलं की उघडतात. त्यावर पेला धरता येतो, पेन धरता येतं. पण त्यासाठी बोटांचे दोर थोडे आखूड राहायला हवेत.

हे घरी कुणालाच माहीत नव्हतं. बोटं वाकडी होतील म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ मनगट मागे वाकवून, त्याच वेळी बोटं सरळ ताणून देत राहिले. सहा महिन्यांत पकड ढिली झाली ती झालीच. कुणाला दोष देत नाही, त्यांनी मन लावून केलं. पण इजेची पातळी कळल्याशिवाय कुणाचं बघून व्यायाम करू नका.

आणि दुसरं, हे डी-६ किंवा त्याच्या वर इजा असलेल्या प्रत्येकाने वाचा. (काजवा, तुझी डी-१०, तुला याची भीती जवळपास नाही.) एका दुपारी अचानक डोकं फुटेल असं दुखायला लागलं, चेहरा लाल, मानेवर घाम. दवाखान्यात डोकेदुखीची गोळी देऊन आडवं निजवलं. बीपी नेहमी शंभरच्या आसपास असायचं ते एकशे ऐंशीवर गेलेलं. शेवटी एका नर्सने चादर उचलली, तर लघवीच्या कॅथेटरची नळी मांडीखाली दुमडलेली. ती सरळ केली, पिशवी भरली, आणि दहा मिनिटांत बीपी खाली आलं. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. असं झालं तर आडवं करायचं नाही, उठून बसवायचं. घट्ट कपडे, पट्टे सैल करायचे. आधी लघवी बघायची, मग पोट, मग त्वचा. उतरलं नाही तर ताबडतोब हॉस्पिटल, कारण यात मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. तेव्हापासून हे सगळं लिहिलेलं कार्ड खुर्चीला लटकवलंय.

रानवारा
पिंपळपान, ती चादर उचलणारी नर्स मी नव्हते, पण वाचून बरं वाटलं. मी स्पायनल वॉर्डात काम करते. त्वचेबद्दल लिहायलाच हवं.

बसलेलं असताना दर अर्ध्या तासाला पुढे मांडीवर झुकायचं किंवा बाजूला कलायचं, आणि तसं दोन मिनिटं राहायचं. हातांवर जोर देऊन क्षणभर उचलणं पुरत नाही, रक्त परत यायला वेळ लागतो, आणि खांदेही झिजतात. रात्री सुरुवातीला दर दोन तासांनी कूस. त्वचा टिकते असं दिसलं की अंतर हळूहळू वाढवतात. रोज आरशाने ढुंगण, माकडहाड, टाचा बघायच्या. डाग दाबल्यावर पांढरा पडत नसेल, किंवा अर्ध्या तासात जात नसेल, तर त्या जागेवर बसायचं नाही, मग कितीही महत्त्वाचं काम असो. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हात लावून बघायचं: गरम किंवा टणक लागतं का.

गरम पाण्याची बादली, मांडीवरचा लॅपटॉप, थंडीतला हीटर. यांनी भाजलेले पाय मी इतके पाहिलेत!

कंदील
आमच्याकडे दोन तासांचा गजर रात्री एवढा नेमाने वाजायचा की शेजारचे काका म्हणायचे, "गजर झाला की मीपण कूस बदलतो, माझी पाठ आता झकास आहे."

तळटीप
दोन तासांचा हा नियम कुठून आला ते सांगतो. पहिल्या महायुद्धात अशी इजा झालेले बहुतेक सैनिक बेडसोर (दाबामुळे होणाऱ्या जखमा) आणि लघवीच्या संसर्गाने दगावत. लोकांनी हे ठरूनच टाकलं होतं की यांचं काही होत नाही. १९४४ मध्ये डॉ. लुडविग गुटमन यांनी इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिलला स्पायनल युनिट सुरू केलं. रात्रंदिवस दर दोन तासांनी पेशंटला वळवायचं, यावर ते अडून बसले. स्वतः रात्री वॉर्डात येऊन बघत. मग खेळ आणि काम हा उपचाराचाच भाग केला. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, तिथे १६ जणांनी व्हीलचेअरवरून तिरंदाजी केली. पॅरालिंपिकचं मूळ ते.

काजवा
तळटीप, १९४४! आणि मला पाच महिन्यांत धनुष्य सोडा, चमचाही नीट हातात घेऊ दिला नाही कुणी.

एक विचारायचं राहिलं होतं, लाज वाटत होती. मला लघवीची कायमची नळी आहे. ती काढून दर काही तासांनी स्वतः घालायची असं म्हणतात, आई ऐकूनच रडायला लागली. आणि पोटाचं काहीच ठरलेलं नाही. कधीही होतं. त्यामुळे बाहेर जायचा विषयच निघत नाही.

उंबरठा
काजवा, यात लाजण्यासारखं काही नाही. या धाग्यावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे. तीन वर्षं मी लोकांना सांगत होतो की पायऱ्यांमुळे बाहेर पडत नाही. पायऱ्या नव्हत्या रे, पोट होतं. एकदा चारचौघांत कपडे खराब झाले आणि त्यानंतर मी सगळ्या बोलावण्यांना नाही म्हणत गेलो.

पोटाला वेळ लावावी लागते. रोज किंवा दिवसाआड, एकच वेळ, खाल्ल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत, कारण तेव्हा आतडं आपसूक हलतं. कमोडवर बसून, गरज असेल तर सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) आणि ग्लोव्ह घालून बोटाने गोल फिरवून उत्तेजन. शिकवून घे, स्वतःच्या हाताने शिक. तीन-चार आठवडे एकच पद्धत चालव. मी दर चार दिवसांनी काहीतरी बदलायचो आणि "काहीच लागू पडत नाही" म्हणायचो. माझी खरी अडचण ती होती.

रानवारा
उंबरठा, यात एक जोड. सगळ्यांचं आतडं सारखं नसतं. काजवांच्या पातळीला साधारणपणे प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत राहते, तिथे बोटाचं उत्तेजन चालतं. मज्जारज्जूच्या शेपटाला किंवा खालच्या नसांना इजा असेल तर गुदद्वार सैल असतं, तिथे पद्धत वेगळी. डॉक्टरांना हे नेमकं विचारा.

नळीबद्दल: तुम्ही म्हणता त्याला सीआयसी म्हणतात, दर काही तासांनी स्वच्छ नळी घालून ब्लॅडर रिकामा करायचा आणि नळी काढायची. १९७२ मध्ये डॉ. जॅक लॅपिडस यांनी दाखवून दिलं की यासाठी ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक वातावरण लागत नाही, स्वच्छ धुतलेले हात आणि स्वच्छ कॅथेटर पुरतात. ब्लॅडर ताणला जाऊ देणं जास्त वाईट. दर चार ते सहा तासांनी, एका वेळी पाचशे मिलीच्या वर साठू द्यायचं नाही. तुमचे हात चांगले आहेत, तुम्ही आठवड्याभरात शिकाल. आधी युरोलॉजिस्टकडून ब्लॅडरमधला दाब तपासून घ्या, तो वाढला तर किडनीला त्रास होतो. आईंना एकदा समोर बसवून दाखवा. भीती न बघितल्याची असते.

समईवात
मी आई आहे. काजवाची नाही, पण तशीच. मुलगा बावीस वर्षांचा. एका ठिकाणी स्टेम सेलचं इंजेक्शन देतात, पाय हलतील म्हणतात. घर विकायची वेळ आली तरी चालेल, असं वाटतं. कुणी केलंय का?

दीपमाळ
समईवात, तुमचा जीव कळतो, म्हणून स्पष्ट लिहिते. आजच्या घडीला मज्जारज्जूच्या इजेवर स्टेम सेलचा असा कुठलाही उपचार नाही, जो सिद्ध झालाय आणि पैसे भरून घ्यावा. खरा प्रयोग चालू असतो तिथे सहसा पेशंटकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत, धोके लिहून देतात आणि नंतर वर्षानुवर्षं तपासत राहतात. खात्री देऊन पैसे मागितले की उठून यायचं.

खरं संशोधन चालू आहे. २०१८ मध्ये मज्जारज्जूच्या आवरणावर विजेचे इलेक्ट्रोड बसवून काही मोजक्या लोकांना आधाराने पावलं टाकता आली, अमेरिकेत आणि स्वित्झर्लंडमध्ये. पण त्यासोबत महिनोन्‌महिने कसून ट्रेनिंग होतं. आखडलेले सांधे, जखमा, ठिसूळ हाडं घेऊन असल्या उपचारापर्यंत पोचता येत नाही. ते घर विकू नका. त्यातली एक खोली मुलाला एकट्याने वापरता येईल अशी करा.

समईवात
बरं. रडले, पण बरं.

जलरंग
बायकांबद्दल कुणीच काही लिहिलं नाही, म्हणून मी. डी-४, नऊ वर्षं. रिहॅबमध्ये मला ट्रान्स्फर, ब्लॅडर सगळं शिकवलं, पण नवऱ्याजवळ जाता येईल का, मूल होईल का, यावर एकही जण बोलला नाही. मी ठरवून टाकलं की नाही होणार. पाळी काही महिने बंद होती, मग परत आली. ती परत येते आणि गर्भ राहू शकतो, हे मला शेवटी दुसऱ्या एका खुर्चीतल्या बाईने सांगितलं.

माझी मुलगी चार वर्षांची आहे. बाळंतपणात पिंपळपान म्हणाला तो बीपीचा धोका होता, डॉक्टरांना आधीच सांगून ठेवलं होतं, तयारी केली होती. पुरुषांसाठीही उपाय असतात. विचारा. समोरचा विषय काढत नसेल तर आपण काढायचा.

मनाचंही असंच. "तू किती खंबीर आहेस" म्हणून म्हणून लोकांनी मला दोन वर्षं रडू दिलं नाही. समुपदेशन आणि गोळ्या घेतल्यावर सकाळी उठावंसं वाटायला लागलं. व्यायाम त्यानंतर सुरू झाला.

गोफण
झटक्यांबद्दल कुणी लिहा ना. माझे पाय रात्री उडतात. बॅक्लोफेन घेतो, सोडून बघू का?

रानवारा
गोफण, एकदम अजिबात सोडू नका. बॅक्लोफेन अचानक थांबवलं तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. डॉक्टरांना विचारून हळूहळूच कमी करायचं. आणि झटके अचानक वाढले असतील तर आधी कारण शोधा. लघवीचा संसर्ग, तुंबलेलं पोट, आत वाढलेलं नख, नकळत झालेली जखम. कुठेतरी दुखतंय हे सांगायचा शरीराकडे अनेकदा तोच एक मार्ग उरलेला असतो.

काजवा
सात आठवड्यांनी लिहितोय.

तपासणी पुन्हा झाली. ए च आहे. दोन दिवस कुणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी दीपमाळ यांनी लिहिलेलं भावाला वाचून दाखवलं आणि म्हणालो, सकाळचा तास बदलायचा. आता पायांचा व्यायाम बायको वीस मिनिटांत करून देते, आणि थेरपिस्टसोबत पूर्ण तास बसायचा तोल आणि ट्रान्स्फर.

नळी निघाली. सीआयसी मी करतो. आई पहिल्या दिवशी बाहेर गेली, चौथ्या दिवशी दारात उभी राहिली, आता घड्याळाकडे बघून आठवण करते. पोटाचं पाचव्या आठवड्यात बसलं, तोवर दोनदा फजिती झाली. पलंगावरून खुर्चीत बोर्ड (सरकायची फळी) लावून एकटा येतो. एकदा खाली पडलो. सगळे धावले, मी "थांबा" म्हणालो. चढता आलं नाही, पण भावाला कुठे धरायचं ते मी सांगितलं.

कुशन बदललं. उंबरठा, तुझ्या त्या जड खुर्चीचं वाचून माझ्या खुर्चीची रुंदी मोजली, चार सेंटिमीटर मोठी होती. एका बाजूला कलूनच बसत होतो.

आता पुढच्या दाराला दोन पायऱ्या आहेत, मिळून तीस सेंटिमीटर. सुताराने दीड मीटरची फळी टाकून देतो म्हटलंय. चालेल?

उंबरठा
नको! दीड मीटरला तो उतार एकास पाच होतो. चढताना खुर्ची मागे उलटेल, उतरताना हातात राहणार नाही. एकास बारा धर. तीस सेंटिमीटरला तीन मीटर साठ. सरळ जागा नसेल तर मध्ये सपाट जागा सोडून वळवून घे. कडेला बोटभर उंच पट्टी मार, चाक घसरत नाही. आणि वर दारासमोर दीड मीटर सपाट ठेव, नाहीतर दार उघडताना उतारावरच लटकशील.

काजवा
अंगणात तीन साठ सरळ मावत नाही. वळवून घेतो. उद्या सुतार येतोय, मापं मीच घेणार आहे.

सुईदोरा
टेपचं दुसरं टोक बायकोला धरू दे रे.